रंगाखालचा जोड

गच्चीवर कपडे वाळत घालताना कठड्याला टेकायची आमच्या घरात सगळ्यांनाच सवय. गेल्या वर्षी श्रावणात चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं, म्हणून सकाळीच धुतलेल्या चादरी घेऊन वर गेले. पिळलेली चादर झटकून कठड्यावर टाकली आणि कठडा बाहेरच्या अंगाला वीतभर कलला. वरची पट्टी कोपऱ्यातल्या खांबापासून सुटली होती. सुटली तिथं बोटाच्या पेरावर मावेल एवढा वेल्डिंगचा एक ठिपका होता, बाकी सगळी जागा कोरी. लोखंडाला लोखंड नुसतं टेकवलेलं, फटीत लांबी भरलेली, लांबीवर काळा चकचकीत ऑइल पेंट. नऊ वर्षं आम्ही त्या ठिपक्याच्या भरवशावर टेकत होतो. भाचीची पाच वर्षांची मुलगी सुट्टीत येते, तेव्हा याच कोपऱ्यात उभी राहून खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा मोजते.

ज्यानं ते काम केलं त्याला शोधून भांडावंसं क्षणभर वाटलं. मग आठवलं की काम ठरवताना आम्ही त्याला दोनच प्रश्न विचारले होते: किती घेणार आणि कधी देणार. लोखंड कोणतं, जोड कसा, खांब कशात रोवणार, यातलं काहीच विचारलं नव्हतं. काम झाल्यावर आम्ही बघितला तो रंग. घर बांधताना सिमेंटचं पोतं कुठल्या कंपनीचं ते विचारणारे आपण, ज्या लोखंडावर पोरांचा जीव टांगलेला असतो त्याविषयी काहीच विचारत नाही. म्हणून पुढचे चार महिने सवड मिळेल तशी वर्कशॉपच्या गाळ्यांत जाऊन बसले, विचारत राहिले, बघत राहिले. हा लेख त्या बसण्यातून आला आहे.

लोहाराच्या भात्यापासून

वेल्डर शोधायला कोल्हापुरात लांब जावं लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात शिरलं की दोन्ही बाजूंना लेथ आणि ड्रिलिंग मशिनं, आणि मधल्या गाळ्यांतून निळा लखलखाट. या गावाला धातूचा नाद जुना. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. चित्रपटासाठी लागणारा कॅमेरा त्यांनी इथंच घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. शेजारच्या सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथला लोखंडी नांगर मग घरोघरच्या शेतात गेला.

त्याच्याही आधी गावगाड्यात लोहार होता. बारा बलुतेदारांतला एक. गाडीच्या चाकाला धाव चढवणं, फाळ शेवटून देणं, विळ्याखुरप्याला पाणी पाजणं ही त्याची कामं, आणि मोबदल्यात सुगीला खळ्यावरचं बलुतं. गावोगाव फिरून ऐरण मांडणारी घिसाडी कुटुंबंही हेच काम करत आली. त्या काळी लोखंडाचे दोन तुकडे जोडायचे, तर भट्टीत पांढरे होईतो तापवून घणाखाली एकजीव करावे लागत, नाहीतर भोकं पाडून रिबीट ठोकावी लागे. जुन्या वाड्यांच्या खिडक्या बघा. लाकडी चौकटीला भोकं पाडून त्यात गज ओवलेले असतात. सांधा असा कुठं नाहीच.

विजेच्या ठिणगीनं लोखंड वितळवून जोडण्याची कला १८८० च्या दशकात निकोलाय बेनार्दोस या रशियन संशोधकानं पुढं आणली. त्याला लागे कार्बनची कांडी. स्वीडनच्या ऑस्कर क्येलबर्गनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेप दिलेला धातूचा रॉड काढला. त्यानं १९०४ मध्ये काढलेली एसाब ही कंपनी आजही रॉड विकते. आज आपल्या गल्लीतल्या वेल्डरच्या हातात असतो तो रॉड त्याच वंशातला. आणि कामाच्या नात्यानं बघितलं तर हा वेल्डर गावच्या लोहाराचा वारस आहे. भाता गेला, मशीन आलं. बलुतं गेलं, उक्तं काम आलं.

टाका आणि भर

तीन वेल्डरांना घरी बोलावलं. पहिल्यानं फोनवरच भाव सांगितला. दुसरा आला, जिन्यावरूनच कठड्याकडं बघून म्हणाला, “दोन टाके मारून देतो, कशाला खर्चात पडताय.” तिसरे मिस्त्री पंचावन्नच्या आसपासचे, स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून आलेले. पैशाचं विचारलं तर म्हणाले, “वहिनी, आधी वर जाऊन बघू की. बघितल्याबिगर काय सांगू?”

वर आल्यावर त्यांनी पिशवीतून छोटी हातोडी आणि जुनी कानस काढली. प्रत्येक जोडावर हातोडीनं टकटक केली, शंका आली तिथं कानशीनं रंग खरवडला. त्यातले नऊ जोड नुसत्या टाक्यावर होते. मला बोलावून त्यांनी दोन जागा शेजारी शेजारी दाखवल्या. “हा टाका. चौकट हलू नये म्हणून आधी मारतात, शिंपी कच्ची शिवण घालतो तसा. आणि ही भर. टाका मारून झाल्यावर गुण्या लावायचा, कर्ण मोजायचे, मग भर घालायची. ह्यांनी कच्च्या शिवणीवरच कपडा दिलाय तुम्हाला.”

गुण्या म्हणजे काटकोन बघायचं हत्यार. कर्ण मोजायचे म्हणजे चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरं टेपनं सारखी आहेत का बघायचं. वितळलेला धातू थिजताना आक्रसतो आणि चौकटीला आपल्याकडं ओढतो. म्हणून एका कोपऱ्यात सगळी भर घालून मग दुसऱ्याकडं वळलं, तर दार वाकडं होतं आणि कडी कोयंड्यात बसत नाही. जाणता माणूस चारही कोपऱ्यांना टाके मारतो, कर्ण जुळवतो आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आलटूनपालटून काम करतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला जोड घातला तेव्हा काळ्या काचेची जास्तीची ढाल मागून घेऊन मी जवळून बघितलं. रॉडचं टोक काडी ओढावी तसं लोखंडावर घासलं, ठिणगी पेटली, आणि काचेतून हिरवट अंधारात वाटाण्याएवढं एक तळं दिसलं. लोखंडाचं तळं. पोलाद वितळायला साधारण १५०० अंश सेल्सिअस लागतात. ठिणगीतलं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. हात थरथरू न देता मिस्त्री ते तळं पुढं सरकवत होते आणि मागं ते थिजत होतं. आवाज सलग, तापल्या तेलात भजी सोडल्यावर येतो तसा. मध्येच आवाज फुटला की रॉड लांब गेला समजायचं.

रॉडवरचा लेप जळून वायू निघतो आणि तो वायू त्या तळ्याला हवेपासून झाकतो. उरलेला लेप वितळून त्याची वर काळी खपली धरते. हातोडीच्या टोकानं ती खपली पाडली आणि खाली जोड दिसला, नऊवारीच्या बारीक निऱ्यांसारखा एकसारखा, कडेला दोन्ही लोखंडांत मुरलेला. चांगल्या जोडाची खूण हीच. निऱ्या सारख्या, रुंदी सारखी, मध्ये टाचणीनं टोचल्यासारखी भोकं नाहीत, कडेला चर पडलेला नाही. जोड नुसताच वर गोळा होऊन बसला असेल तर करंट कमी होता, आतलं लोखंड वितळलंच नाही. कडेला खड्डा पडला असेल तर करंट जास्त झाला. भोकं दिसली तर बहुतेक वेळा रॉड ओलसर होता किंवा लोखंडावरचा गंज, रंग, तेल न घासताच काम केलं होतं. पावसाळ्यात रॉडचा पुडा उघडा राहिला की लेप दमट होतो. चांगला माणूस पुडा प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो आणि रॉड सुकवून वापरतो.

घरगुती कामाला सहसा वापरतात त्या रॉडच्या पुड्यावर ६०१३ असा आकडा असतो. त्यातले ६० म्हणजे जोडाची ताकद, एका चौरस इंचाला ६० हजार पौंड. पुढचा १ सांगतो की आडवं, उभं, डोक्यावर अशा कुठल्याही स्थितीत हा रॉड चालतो, आणि शेवटचा ३ लेपाचा प्रकार दाखवतो. भारतात या रॉडसाठी आयएस ८१४ हे मानक आहे. म्हणजे कंपनीच्या चांगल्या रॉडनं घातलेला पुरेसा जोड तुटता तुटत नाही. आमच्या कठड्यात रॉडचा दोष नव्हता, जोडच अपुरा होता.

वजनाचं गणित

लोखंडाच्या कामाचा भाव तीन तऱ्हांनी ठरतो: किलोवर, चौरस फुटावर, नाहीतर उक्ता. चौरस फुटाचा भाव ऐकायला सोपा, पण त्यात एक मेख आहे. लोखंड जितकं हलकं वापरू तितका करणाऱ्याचा फायदा. बारा मिलिमीटरचा गज सांगून दहाचा लावला तर रंगाखाली कुणाला कळतं?

कळू शकतं, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. चौकोनी गजाची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ०.००७८५ नं गुणा. एक मीटर गजाचं वजन किलोत निघतं. गोल सळीसाठी तर बांधकामावरचे मुकादम तोंडी हिशेब करतात: जाडीचा वर्ग भागिले १६२. आमच्या वीस फुटी कठड्याचंच घ्या. चार-चार इंचांवर गज म्हणजे सुमारे ६० गज, प्रत्येकी ९० सेंटिमीटर, एकूण ५४ मीटर. बारा मिलिमीटरचा चौकोनी गज मीटरला १.१३ किलो, म्हणजे ६१ किलो. दहाचा लावला तर मीटरला ०.७८५ किलो, म्हणजे ४२ किलो. फक्त गजांमध्ये १८-१९ किलोंचा फरक. म्हणून काम किलोवर ठरवावं, माल वजनकाट्यावर आपल्या समोर तोलावा आणि दुकानाची पावती आपल्याकडं ठेवावी. मजुरी वेगळी ठरवली तर माल चोरण्यात कुणालाच रस उरत नाही.

पोकळ पाइपात जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेज वाढला की पत्रा पातळ होतो. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सुमारे १.२. दिसायला दोन्ही पाइप अगदी सारखे, पण दुसऱ्यात पाव हिस्सा लोखंड कमी, आणि गंजाला खायलाही तेवढंच कमी. पाइप आतूनही गंजतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती. शाहूपुरीतल्या आमच्या नातेवाइकांचं पाइपाचं फाटक तेव्हा कित्येक दिवस पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर त्यांनी ते धुतलं, रंगवलं, नवं दिसलं. दोन वर्षांनी खालची आडवी पट्टी हाताच्या दाबानं आत गेली. जोडाच्या फटींतून गढूळ पाणी पाइपात शिरलं होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती. पाइपाचं काम असेल तर उघडी टोकं टोपणं लावून पूर्ण वेल्ड करून घ्यावीत आणि पाणी शिरणारच असेल अशा ठिकाणी सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचं छोटं भोक ठेवावं.

स्टेनलेस स्टीलविषयी एक गैरसमज घरोघरी आहे: चुंबक चिकटला नाही की माल अस्सल. ३०४ नावाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ स्वस्त, त्यात निकेल कमी, त्याऐवजी मँगनीज जास्त. चुंबक दोन्हींना चिकटत नाही. त्यामुळं चुंबकावर भरवसा ठेवू नका. पाइपावरचा छाप बघा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. कोकणात, गोव्यात समुद्राच्या वाऱ्याला २०२ चा कठडा थोड्याच काळात तांबूस ठिपके धरतो. तिथं ३०४ चांगलं, आणि अगदी किनाऱ्यावर घर असेल तर ३१६.

कापणं

जुना कठडा काढायचा म्हणजे कापायचा. जोडण्यापेक्षा कापताना माणसं जास्त जखमी होतात, असं गाळ्यागाळ्यांत ऐकलं, आणि ग्राइंडर हातात घेऊन बघितल्यावर पटलं.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्या वेगात चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगानं पळत असते. कापायची चकती जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड, दगडी कण राळेत बांधलेली. ती पडली, भिजली, वाकडी दाबली, की फुटते, आणि तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून यंत्रावर गार्ड असतो. आणि नेमका तोच काढून ठेवलेला दिसतो, कधी मोठी चकती बसवायला, कधी काम दिसावं म्हणून. आपल्या अंगणात कुणी गार्डशिवाय ग्राइंडर चालवायला लागला तर नम्रपणे थांबवावं. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते आणि लेबलावर कमाल फेरे लिहिलेले असतात. दोन्ही बघून घ्यावं. कापायच्या चकतीच्या बाजूनं घासू नये. ओढणी, पदर, मफलर जवळ नको. चष्मा तर हवाच, आणि बघत उभ्या राहणाऱ्यालाही हवा.

दोन गज कापायचे असतील तर यंत्राची गरजही नाही. बारा इंची आक्सा ब्लेड घ्या, दाते पुढच्या दिशेला करून ताणून बसवा. जाड गजाला इंचाला १८ किंवा २४ दात्यांचं, पातळ पाइपाला ३२ दात्यांचं. पातळ पत्र्यावर मोठे दाते अडकतात आणि ब्लेड तुटतं.

जाड खांब, जुने गर्डर कापायला गॅसकटर येतो. आपल्याला वाटतं की ज्योत लोखंड वितळवते. खरं तर ज्योत ते लालभडक तापवते आणि मग ऑक्सिजनचा झोत त्या लोखंडाला अक्षरशः जाळतो. जळालेलं लोखंड खाली गळतं. म्हणूनच स्टेनलेस स्टील असं कापत नाही, त्यावर धरणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर सहजी वितळत नाही. गॅसकटर आला की तीन गोष्टी बघाव्यात. ऑक्सिजनचं काळं आणि ॲसिटिलीनचं मरून सिलिंडर उभं, साखळीनं बांधलेलं असावं. नळ्यांवर ज्वाला उलटी फिरू नये म्हणून बसवतात तो फ्लॅशबॅक अरेस्टर असावा. आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीसचा हात लागू नये, कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल भडकतं. घरातलं लाल सिलिंडर कुणी मागितलं तर देऊ नये. ते स्वयंपाकासाठी आहे, आणि या कामाला वापरणं नियमात बसत नाही.

ठिणग्यांचंही सांगायला हवं. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कण. ते खिडकीच्या काचेत रुततात, फरशीवर बसतात आणि पहिल्या पावसात तिथं तांबडे ठिपके उमटतात. गाडीची काच, खिडक्या, फरशी ओल्या गोणपाटानं झाकून घ्यावी. वेल्डिंगच्या आसपास ३५ फुटांपर्यंत जळणारं काही ठेवू नये, असा सुरक्षा नियमांचा आग्रह आहे: गादी, पडदे, थिनरचा डबा, दिवाळीच्या दिवसांत फटाके. एवढं अंतर घरात मिळत नसेल तर ओलं गोणपाट आणि पाण्याची बादली हाताशी हवी. काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास तिथं कुणीतरी थांबावं. ठिणगी कापसात शिरली की आधी नुसती धुमसते आणि घर झोपल्यावर पेटते. रंगाचा, पेट्रोलचा, केमिकलचा बंद डबा किंवा पिंप रिकामं दिसलं तरी कधीही कापायला देऊ नये. आत राहिलेली वाफ स्फोटाला पुरते.

डोळे, छाती, वीज

वेल्डिंगच्या उजेडात अतिनील किरण असतात. बघताना डोळा दुखत नाही. सहा-बारा तासांनी, मध्यरात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. बुबुळाचा वरचा थर भाजलेला असतो. गाळ्यांतली पोरं बटाट्याच्या चकत्या ठेवून रात्र काढतात. बहुधा एक-दोन दिवसांत आराम पडतो, पण डॉक्टरांना दाखवावं आणि बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनानं घालत राहू नयेत. गॉगल या कामाला चालत नाही. १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते. आपल्या अंगणात काम चालू असेल तेव्हा मुलांना आत ठेवणं ही आपली जबाबदारी.

धुराचं तर त्याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातलं. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वेल्ड केला की पांढरा धूर निघतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते. मिस्त्री म्हणाले, “आमच्या उस्तादांनी गूळ खायला लावला होता. गुळानं काय होतंय, मुलामा आधी घासून काढायला पाहिजे.” त्यांचं खरं आहे. मुलामा घासावा, काम उघड्यावर करावं, वाऱ्याकडं पाठ ठेवून.

वीज कुठून घ्यायची हेही आधी ठरवावं. जुने जड ट्रान्सफॉर्मर घरच्या लाइनला पेलत नाहीत. आता इन्व्हर्टर मशिनं आली आहेत, पाच-सात किलोंची, खांद्याला अडकवून नेता येणारी. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर पुरतात. मशीन घरच्या मीटरमधून अडीच ते तीन किलोवॅटपर्यंत ओढतं. तेवढ्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, मल्टिप्लग नको. परतीच्या वायरचा चिमटा ज्या लोखंडावर काम चाललंय त्यालाच, जोडाच्या जवळ लावावा. नळाच्या पाइपाला लावला तर करंट घरभर वाट शोधतो. ओल्या फरशीवर, ओल्या चपलेनं काम नको.

हात त्याचे

मिस्त्रींनी चौदाव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली झाडू मारण्यापासून सुरुवात केली. दोन वर्षं हातात फक्त खपली पाडायची हातोडी, मग टाके, मग भर. त्यांचा मुलगा आयटीआयला गेला; आठवी पास मुलाला वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स तिथं करता येतो. “त्याला करंटचं गणित कळतं, मला आवाज कळतो,” असं ते अभिमानानं सांगतात.

२०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यातल्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे. वेल्डर नाही. लोहाराचं काम ज्याच्याकडं आलं, त्याचं नाव यादीत आलेलं नाही. ते यायला हवं, असं मला वाटतं. पण आपल्या दारात आलेल्या माणसाशी नीट वागायला कुठल्या यादीची गरज नाही. इसार वेळेवर द्यावा, उरलेले पैसे काम तपासून त्याच दिवशी द्यावेत. तिन्हीसांजेला “पुढच्या आठवड्यात बघू” ऐकून परतणाऱ्या माणसाचं घर त्या दिवशीच्या मजुरीवर चालतं. पोरगं मदतीला असेल तर त्याच्याही डोळ्यांवर काच आहे का, ते बघावं.

मिस्त्रींनी आमचा कठडा चार दिवसांत उभा केला. गज उभे, आडवी नक्षी नाही, कारण आडव्या पट्ट्यांची पोरं शिडी करतात. दोन गजांत चार इंचांहून कमी फट, म्हणजे लहान डोकं अडकणार नाही. उंची एक मीटरच्या वर. खांब फरशीत नुसते रोवले नाहीत. खाली पट्टी, पट्टीला चार-चार अँकर बोल्ट, भोवती पाणी साचू नये असा उतार. जोड घासून, पुसून झाल्यावर मला हाक मारली, “वहिनी, या. रंग लावायच्या आधी बघून घ्या. रंग लागला की माझंही झाकलं जातंय.” मी हातोडी घेऊन एकूणएक जोड वाजवले. त्यानंतर रेड ऑक्साइडचा हात लागला, मग रंग.

तुमच्याकडं यंदा ग्रिल, फाटक, जिना, पत्र्याचं शेड, काहीही होणार असेल तर एवढं करा. खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारं एक दार ठेवायला सांगा, आगीत बाहेर पडायची तीच वाट असते. माल वजनावर घ्या, ग्रेड बिलावर लिहून घ्या. आणि ब्रश डब्यात बुडण्याआधी वेल्डरला शेजारी उभं करून प्रत्येक जोड स्वतः बघा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. आपलं काम कुणीतरी पाहिलं, याचं त्याला समाधान वाटतं.